भीड, अडचण, संकोच : एका अवघडलेल्या शब्दाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्यासमोर मी याच इमारतीत बाकावर बसलो आहे. आज त्यांच्या तसबिरीशेजारी खुर्ची मांडून मला बसविले, तेव्हा मनाची जी अवस्था झाली तिला काय म्हणावे, याचा विचार करता करताच आजचा विषय ठरला. इंग्रजीत तिला ‘एम्बॅरसमेंट’ म्हणतील. मराठीत तिला संकोच म्हणू, भीड म्हणू, अवघडल्यासारखे झाले म्हणू, ओशाळल्यासारखे झाले असेही म्हणू. एका इंग्रजी शब्दासाठी आपल्याकडे एवढे शब्द का, आणि त्या एका शब्दाच्या पोटात तरी काय काय दडले आहे, हे पाहण्याचा माझा आज प्रयत्न आहे.

असे शब्द शेजारी शेजारी मांडून पाहण्याची रीत बडोद्याला नवी नाही. 1931 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश सिद्ध झाला. राज्यकारभारातील एकेका संज्ञेसाठी आठ भाषांतील प्रतिशब्द त्यात एकत्र दिले होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला ही दृष्टी परिस्थितीच देत असते. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. त्यामुळे एखादा शब्द उंबरठा ओलांडताच आपला अर्थ बदलतो, हे त्याला लहानपणीच कळते. मला ते कसे कळले, हे पुढे सांगणारच आहे.

प्रथम त्या परक्या शब्दाची वंशावळ पाहू. ‘एम्बॅरस’ हे इंग्रजी क्रियापद सतराव्या शतकात फ्रेंचमधून आले. फ्रेंचांनी ते स्पॅनिशमधून घेतले, आणि स्पॅनिशचा शेजार असलेल्या पोर्तुगीज भाषेतही त्याचे भावंड ‘एम्बारासार’ या रूपात नांदते आहे. गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्यांच्या त्या भाषेत त्याचा अर्थ गुंतविणे, अडकविणे असा आहे. त्याच भाषेत ‘बारासो’ म्हणजे दोर. काही अभ्यासक या दोरातून शब्दाची उत्पत्ती काढतात, तर काही तिचा संबंध अडसर या अर्थाच्या ‘बार’ या शब्दाशी लावतात. दोर असो वा अडसर, मूळ कल्पना एकच : पुढे जाणाऱ्याला काहीतरी अडवते आहे. मनातल्या लाजेचा तेथे मागमूस नाही.

ही अडवणूक अगदी दृश्य, डोळ्यांना दिसणारी होती. सतराव्या शतकातील फ्रेंच कवी बोआलो याने पॅरिसच्या ‘एम्बारां’वर एक उपहासकाव्य लिहिले. त्याचा विषय कोणाची लाज हा नसून पॅरिसच्या रस्त्यांतील गाड्यांची, माणसांची आणि जनावरांची कोंडी हा आहे. उत्तर अमेरिकेत गेलेले फ्रेंच प्रवासी नदीत वाहून आलेल्या ओंडक्यांनी होड्यांची वाट अडली की त्या अडथळ्याला हाच शब्द लावीत. त्यामुळे इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांत आजही त्या नावाच्या नद्या आहेत. आजचा वाचक नकाशात ते नाव पाहून हसतो. नदीला कसली आली लाज? परंतु नदीने शब्दाचा जुना अर्थ जपला. बदलली ती माणसे.

रस्त्यातली कोंडी पुढे पैशाच्या व्यवहारात शिरली. कर्जात अडकलेला गृहस्थ ‘एम्बॅरस्ड’ झाला असे इंग्रज म्हणू लागले. कुळाचे नाव शाबूत, पण तिजोरी रिकामी, अशा सद्‌गृहस्थाविषयी बोलताना हा शब्द सोयीचा होता, कारण तो दिवाळे हा शब्द टाळीत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे मात्र हळूहळू तो मनाच्या आत गेला. चारचौघांत आपली वाट अडली आहे, काय बोलावे कळत नाही, हात कोठे ठेवावेत सुचत नाही, ही अवस्था त्याने दर्शविली जाऊ लागली. आज इंग्रजी बोलणाऱ्याला पहिल्याने हाच अर्थ आठवतो. वस्तूकडून पैशाकडे आणि पैशाकडून मनाकडे, असा हा प्रवास आहे.

या कुळातील एक शाखा वेगळीच वाढली. स्पॅनिशमध्ये ‘एम्बारासादा’ म्हणजे गर्भवती स्त्री. नव्याने स्पॅनिश शिकणारा इंग्रज लाज वाटते असे सांगू जातो आणि आपण गरोदर असल्याचे जाहीर करून बसतो, हा भाषाशिक्षणाच्या वर्गातला जुना विनोद आहे. पण आपण मराठी माणसांनी त्यावर हसण्यापूर्वी आपल्या घरातले बोलणे आठवावे. दिवस भरत आलेल्या बाईला आपण काय म्हणतो? ‘ती आता अवघडली आहे.’ एका जागी फार वेळ बसल्याने पाय अवघडतो, दिवस गेलेली स्त्री अवघडते, आणि परक्या घरी जेवायला वाढले असता पाहुण्याला अवघडल्यासारखे होते. स्पेनशी आपला काही शेजारसंबंध नव्हता. तरी शरीराचे जडपण आणि मनाचे जडपण यांना दोन्हीकडच्या लोकांनी एकच नाव दिले. ‘अडचण’ हा शब्दही असाच आहे. वाटेत अडचण असते, पैशाची अडचण असते, आणि आपल्या आया-बहिणी महिन्याच्या त्या चार दिवसांविषयी उघड न बोलता ‘अडचण आहे’ एवढेच म्हणत. जे उघड बोलायचे नाही त्यासाठी अडथळ्याचे नाव वापरावे, ही मानवी भाषेची जुनी खोड दिसते.

संस्कृतकडे वळलो तर ‘संकोच’ याचा मूळ अर्थ आक्रसणे, आखडणे एवढाच आहे. संध्याकाळी कमळाचा संकोच होतो तेव्हा कमळ लाजत नाही, मिटते. भाषाशास्त्रात आपण ‘अर्थसंकोच’ म्हणतो, तोही याच अर्थाने. मनाच्या आखडण्यासाठी संस्कृतात ह्री, त्रपा, लज्जा, व्रीडा असे इतर शब्द होतेच. त्यांपैकी व्रीडेचा विचार भरताच्या नाट्यशास्त्राने तेहतीस व्यभिचारी भावांत केला आहे. वडिलधाऱ्यांची आज्ञा मोडणे, दिलेला शब्द न पाळणे, पश्चात्ताप होणे ही तिची कारणे. आणि तोंड लपविणे, खाली मान घालणे, जमिनीवर रेघोट्या ओढणे, वस्त्राशी वा अंगठीशी चाळा करणे, नखे कुरतडणे ही तिची लक्षणे. शाळेच्या व्हरांड्यात मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर उभा केलेला कोणताही मुलगा पाहावा. भरताचे निरीक्षण आजही पडताळून घेता येते.

फारसी-अरबीने आपल्याला शरम, खजील, अब्रू, मुरवत हे शब्द दिले. अब्रू म्हणजे शब्दशः चेहऱ्याचे पाणी. मुरवत हा शब्द मुळात मर्दपणा, दिलदारी यांचा वाचक. मराठीत येऊन तो दुसऱ्याचा मुलाहिजा राखणे या अर्थी स्थिरावला. याशिवाय खास आपले म्हणावेत असे शब्द आहेत, आणि त्यांच्या छटा एकमेकींत मिसळू देता येत नाहीत. ओशाळणे यात कोणाचे तरी देणे लागतो ही जाणीव आहे. वरमणे यात समोरच्याचे म्हणणे खरे असल्याची कबुली आहे. कानकोंडे होणे म्हणजे जागच्या जागी लहान होणे. पंचाईत होणे यात मुळात पंचांपुढे नेण्याजोगा पेच आहे. नामुष्की सहसा राज्यांवर, सरकारांवर आणि घराण्यांवर ओढवते. एकट्यादुकट्या मुलाला शाईचा डाग पडल्याबद्दल ती येत नाही. इंग्रजी कोश समोर ठेवून या सर्वांना एकच प्रतिशब्द देता येईल. पण ते माप एकाच पायलीने दूध, धान्य आणि कापड मोजण्यासारखे होईल.

आता ‘भीड’ हा शब्द घेऊ. मराठीत भीड म्हणजे दुसऱ्याच्या उपस्थितीमुळे, त्याच्या मानामुळे वाटणारा संकोच. भिडस्त माणूस नाही म्हणू शकत नाही. भीड घालणे म्हणजे वजन खर्ची घालणे. भीड चेपणे म्हणजे बुजरेपण जाणे. आणि निर्भीड हा शब्द निर्भय या शब्दाहून निराळा आहे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. निर्भय माणूस वाघाला भीत नाही. निर्भीड माणूस स्नेह्याच्या तोंडावर खरे बोलतो. दुसरे काम पुष्कळदा अधिक कठीण असते.

हाच शब्द हिंदीत गेला की त्याचा अर्थ गर्दी. गुजरातीत गर्दी तर आहेच, पण त्याशिवाय पैशाची तंगी. ‘नाणाभीड’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोज भेटतो. दार लावून घेण्यालाही गुजराती ‘भीडवुं’ म्हणते, आणि आपल्याकडे दोन मल्ल एकमेकांना भिडतात. या सर्वांत दाटण्याची, दाबाची कल्पना आहे. गर्दीने शरीर दाटते, तंगीने संसार दाटतो, संकोचाने मन दाटते. पॅरिसच्या रस्त्यातली कोंडी, कर्जबाजारी इंग्रज आणि सभेत गोंधळलेला वक्ता यांना युरोपात ज्या शब्दाने बांधले, त्याच तिघांना आपल्याकडे दिल्ली, बडोदे आणि पुणे मिळून एका ‘भीड’ने बांधले आहे.

मला हे पुस्तकातून कळले नाही. माझे वडील गायकवाड सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यांची नोकरी नव्या सरकारकडे वर्ग झाली. पगार बेताचा, स्वभाव भिडस्त. मी शाळेत असताना एका परिचित गृहस्थाने घरी येऊन कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून त्यांची सही मागितली. तो गृहस्थ पुढे गाव सोडून गेला आणि हप्ते आमच्या दारी आले. आईने एकदाच विचारले, “अहो, नाही म्हणायला काय झालं होतं?” वडील म्हणाले, “समोर बसून मागितलं. भीड पडली.” आईने यावर वाद घातला नाही. भीड ही भिकेची बहीण, अशी म्हण आपल्याकडे आहेच. तीही तिने उच्चारली नाही.

त्याच महिन्यात मी वडिलांबरोबर किराणा आणायला गेलो होतो. वहीतली बाकी वाढलेली होती. दुकानदार शेठ भला माणूस होता. आवाज खाली आणून तो म्हणाला, “साहेब, हमणां जरा भीड छे ने?” मी चहूकडे पाहिले. दुकानात आमच्याखेरीज कोणी नव्हते, तेव्हा गर्दी नव्हती. वडील लाजतही नव्हते. ते तांदळाच्या पोत्याकडे पाहत उभे होते. मग ही भीड कसली? घरी येताना मी विचारले. वडील थोडे चालले आणि म्हणाले, “आपली भीड वेगळी, त्यांची वेगळी. एकीतून दुसरी होते.” व्युत्पत्तिशास्त्रातला माझा पहिला पाठ तो. पुढे पदव्या मिळाल्या, संशोधन झाले. पण अर्थपरिवर्तनाचे इतके नेमके विवेचन मला क्वचितच वाचायला मिळाले.

आता घरातून राजवाड्याकडे जाऊ. कारण या शब्दाशी जडलेला एक मोठा प्रसंग आपल्याच शहराच्या इतिहासात आहे. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्लीत पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांचा राज्याभिषेक-दरबार भरला. संस्थानिकांनी एकेक करून पुढे यावे, लवून नमन करावे आणि राजाला पाठ न दाखवता मागे सरावे, असा संकेत ठरला होता. हैदराबादच्या निजामानंतर दुसरा मान बडोद्याचा. सयाजीराव महाराज पुढे गेले, त्यांनी थोडक्यात नमन केले आणि पाठ वळवून ते चालू लागले. इंग्रजी वृत्तपत्रांत गहजब झाला. दरबाराचे चलच्चित्र इंग्लंडमधील प्रेक्षकांनीही पाहिले आणि महाराजांवर राजद्रोहाच्या संशयाची छाया पडली. ही छाया आधीपासून होतीच. अरविंद घोष हे 1893 पासून 1906 पर्यंत याच संस्थानाच्या सेवेत होते, हे सरकार विसरले नव्हते. महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांना पत्र लिहून खुलासा केला. बादशहा-राणीच्या समोर, त्या प्रचंड समुदायापुढे आपण गोंधळून गेलो आणि मागे सरण्याचे भान राहिले नाही, अशा आशयाचा तो खुलासा होता. तो प्रसिद्धही करण्यात आला.

म्हणजे खुलासा ‘एम्बॅरसमेंट’चा होता. तो खरा मानावा काय? एका पक्षाचे म्हणणे असे की, 1887 पासून युरोपचे अनेक प्रवास केलेल्या, स्वतःच्या दरबारात वर्षानुवर्षे मुजरे घेतलेल्या राजाला राजापुढून कसे हटावे हे ठाऊक नसणे अशक्य. तेव्हा ते कृत्य जाणूनबुजून केलेले व निर्भीडपणाचे होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, हजारो डोळे रोखलेले असताना कोणाचेही पाऊल चुकू शकते. मी या बाबतीत थोडा वेगळा विचार मांडू इच्छितो. कवळाणे येथील शेतकरी कुटुंबातला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा 1875 साली दत्तक म्हणून या शहरात आणला गेला. कसे बसावे, कसे चालावे, कोणापुढे किती लवावे, हे त्याला शिक्षक ठेवून शिकविण्यात आले. ज्याचे बालपण असे इतरांच्या नजरेखाली गेले, त्याला संकोच म्हणजे काय हे ठाऊक असणारच. आणि त्या नजरेला एखाद्या क्षणी पाठ दाखवावी असे वाटणेही तितकेच स्वाभाविक आहे. संकोच आणि विद्रोह एका माणसाच्या एकाच पावलात असू शकतात.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. त्या दिवशी महाराजांच्या मनात काहीही असो, खुलासा देताना त्यांना उपलब्ध असलेला शब्द एकच होता. मला तसे वागावेसे वाटले, असे म्हणणे म्हणजे गादी पणाला लावणे. मी गोंधळलो, असे म्हटले की साम्राज्याचा मान राहतो आणि संस्थानही राहते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला आपल्या वागण्याचा खुलासा संकोचाने द्यावा लागत नाही. तो नेहमी दुबळ्याकडून मागितला जातो. व्हाइसरॉयने एका नृपतीकडून तो मागितला, आणि कर्ज देणाऱ्याने माझ्या वडिलांकडून. वडिलांनीही आपली बाजू मांडताना दुसरे काही सांगितले नाही, फक्त भीड पडली म्हणाले.

आता गुरुजींविषयी. त्या काळी फी थकलेल्या मुलांची नावे वर्गात मोठ्याने वाचण्याची पद्धत बहुतेक सर्व शाळांत होती. वडिलांच्या जामीनकीनंतर माझी फी दोन सत्रे थकली. यादी वर्गशिक्षकांकडे महिन्याच्या ठराविक दिवशी येई. त्या दिवशी आमच्या व्याकरणाच्या तासाला गुरुजी म्हणत, “तू, तू आणि तू, जा, कचेरीतून हिंदुस्थानचा मोठा नकाशा घेऊन या. नीट धरा, फाटायला नको.” आम्ही तिघेचौघे अभिमानाने जात असू. नकाशा कपाटामागे असे, तो काढायला वेळ लागे. परत येईपर्यंत यादीचे काम उरकलेले असे. गुरुजींनी कारकुनाला कळविलेले असे की, नावे पुकारली, विद्यार्थी वर्गात नव्हते. आमच्या घरी ते स्वतः संध्याकाळी येऊन वडिलांशी ओट्यावर हळू आवाजात बोलत. व्याकरणाच्या तासाला नकाशाचे काय काम, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तो पडला मी स्वतः अध्यापक झाल्यावर, एके दिवशी हजेरी घेताना. त्या दिवाळीत गुरुजींना भेटायला गेलो आणि विचारले. ते तेव्हा बरेच थकले होते. त्यांनी मान खाली घातली, उपरण्याच्या टोकाशी चाळा केला आणि म्हणाले, “अरे, नकाशा लागायचाच.” भरताने वर्णिलेली व्रीडेची लक्षणे मी माझ्या गुरूच्या ठिकाणी पाहिली. चांगुलपणा उघडा पडल्यावरही माणूस ओशाळतो, याची नोंद मात्र नाट्यशास्त्राच्या कारणांच्या यादीत मला आढळली नाही.

शेवटी आपल्या समाजाविषयी थोडे बोलतो. गायकवाडांच्या मागोमाग आलेली आपली घराणी या नगरीत अडीचशेहून अधिक वर्षे नांदत आहेत. 1909, 1921 आणि 1934 या साली मराठी साहित्य संमेलने येथे भरली. आज मराठी माध्यमाचे वर्ग कमी झाले आहेत, आणि आपली मुले रस्त्यात आईशी मराठीत बोलताना आवाज खाली आणतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. दहा-अकरा वर्षांचा असताना खंडेराव मार्केटमध्ये आई आपल्या मराठी वळणाच्या गुजरातीत भाजीवालीशी घासाघीस करीत असे, तेव्हा मी दहा पावले पुढे चालत असे. कोणी वर्गमित्र पाहील ही भीती. तिने कधी हाक मारून मला मागे बोलाविले नाही. तिला ते दिसत होते की नाही, हे विचारण्याची वेळ निघून गेली. त्या दहा पावलांसाठी ‘एम्बॅरसमेंट’ हा शब्द मला पुरत नाही. तेव्हाची ती भीड होती, आज ते ओशाळणे आहे. आणि हा फरक सांगायला मला मराठीच लागते.

मुले ‘ऑकवर्ड वाटलं’ म्हणतात म्हणून मी खंत करीत नाही. खजील आणि शरमही एके काळी परकेच होते. माझे म्हणणे इतकेच की, वरमणे, ओशाळणे, कानकोंडे होणे हे शब्द गेले तर त्यांनी वेगवेगळ्या ठेवलेल्या भावना एकात एक मिसळतील. मग चूक केलेल्या मुलाची लाज आणि गरीब मुलाची लाज यांतला भेद सांगणेही अवघड होईल. गुरुजींना तो भेद कळत होता. शाळेच्या आजच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, फी असो, गुण असोत वा घरची भाषा असो, वर्गात अशी एखादी यादी वाचण्याची वेळ जेव्हा येईल, तेव्हा कोणाला तरी नकाशा आणायला पाठवावे.